घुबडं आणि रात्रीचे प्राणी : विदर्भातल्या खेड्यांमधील पहिली ते चौथीच्या शिक्षकांचे नेहमीचे प्रश्न

हा विषय शिकवायला जंगल लागत नाही, दुर्बीण लागत नाही आणि मुलांना रात्री कुठे न्यावंही लागत नाही. गावातली जुनी चिंच, शाळेचा व्हरांडा, चुलीतली राख आणि जागलीला (रात्री पिकाच्या राखणीला) जाणारे दोन-तीन पालक एवढ्यावर भागतं. शिक्षक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे आहेत.

आमच्या गावात घुबडं आहेत तरी का?

आहेत. पिंगळा नाही असं खेडं विदर्भात सापडणं अवघड. मैनेएवढा, पण मानेत आखूड आणि अंगाने गुबगुबीत. राखाडी-तपकिरी अंगावर पांढरे ठिपके, पिवळे डोळे. जुनी चिंच, वड, आंबा, पिंपळ यांच्या ढोलीत किंवा कवेलूच्या छपराखाली जोडीने राहतो. तिन्हीसांजेला वाद घातल्यासारखा 'चिर्रर-चिर्रर' कलकलाट ऐकू आला, तर तो बहुधा हाच. वर्गासाठी हाच सगळ्यात सोयीचा, कारण तो दिवसाही ढोलीच्या तोंडाशी बसलेला दिसतो आणि आपण बघितलं की डोकं खाली-वर करत आपल्यालाच न्याहाळतो.

दुसरं गव्हाणी घुबड. पांढरट, हृदयाच्या आकाराचा चेहरा, काळे डोळे. पडका वाडा, देवळाचा कळस, बंद गोदाम, कधी शाळेचंच छत. ते 'घू घू' करत नाही, फिसकारतं किंवा घशातून किंचाळतं. गावातल्या अर्ध्या भुतांच्या गोष्टी या आवाजावर उभ्या आहेत.

नाल्याचे उंच काठ, दगडखाणी, टेकड्या असतील तर शृंगी घुबड असू शकतं: मोठं, नारिंगी डोळ्यांचं, डोक्यावर पिसांची दोन शिंगं, आवाज खोल 'बुऽ-बोऽ'. भंडारा-गोंदियाकडे जुन्या तलावांच्या काठच्या मोठ्या झाडांवर मासे खाणारं हुमा घुबड राहतं. त्याच्या पायांवर पिसं नसतात, त्यामुळे ओल्या शिकारीने पाय चिकट होत नाहीत.

मेळघाटातल्या शाळांकडे तर असा पक्षी आहे जो जगात फार थोड्या ठिकाणी उरला आहे, तो म्हणजे रानपिंगळा. 1884 नंतर तो कुणाच्या नजरेस पडला नव्हता आणि नामशेष झाला असंच धरलं होतं. 1997 च्या नोव्हेंबरात तो नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा दिसला, पुढे मेळघाटातही सापडला. आणि गंमत अशी की हा पक्षी बरीचशी शिकार दिवसाउजेडी करतो. 'सगळी घुबडं निशाचर असतात' हे वाक्य फळ्यावर लिहिण्याआधी याची आठवण ठेवा.

कुठल्या वर्गाला किती शिकवायचं?

पहिली-दुसरीला: रात्री कोण जागं असतं, त्याला कसं दिसतं, कसं ऐकू येतं, आणि घुबडाला दगड मारायचा नाही. बस. तिसरी-चौथीला परिसर अभ्यासात अन्नसाखळी, अवयव आणि त्यांचं काम, पुरावा बघून अंदाज बांधणं हे जोडता येतं. द्विशिक्षकी शाळेत चारही वर्ग एकत्र बसत असतील तर खेळ सगळ्यांना एकच द्या आणि नोंद वेगळी घ्या: लहान मुलं चित्र काढतील, मोठी तक्ता भरतील.

एका तासिकेत सगळं उरकू नका. चाळीस मिनिटांत एक प्रयोग आणि त्यावर बोलणं, एवढंच नीट होतं.

वर्षातला कोणता काळ चांगला?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. दिवस लवकर मावळतो (डिसेंबरात नागपूरकडे साडेपाच-पावणेसहाच्या सुमारास, गडचिरोलीपेक्षा बुलडाण्याला साधारण पंधरा मिनिटं उशिरा), त्यामुळे मुलांना जागरण न करता घराच्या अंगणातूनच पिंगळ्याची बाहेर पडण्याची वेळ गाठता येते. हवा कोरडी असल्याने पायांचे ठसे टिकतात, पानगळीने ढोल्या उघड्या पडतात. मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा असते, तेव्हा मोह आणि वटवाघळं हा भाग घ्या. पावसाळ्यात किडे आणि बेडूक. 4 ऑगस्टला घुबड जागरूकता दिन पाळतात, पण आपल्याकडे तेव्हा पाऊस धो-धो. त्या दिवशी वर्गातलेच प्रयोग करावेत.

रात्री न जाता रात्रीचे प्राणी कसे दाखवायचे?

त्यांनी मागे ठेवलेल्या खुणांवरून. सकाळच्या पहिल्या तासिकेला शाळेच्या आवारात आणि गावाच्या मुख्य रस्त्यालगत फिरा. ढोलीखाली खोडावर चुना ओघळल्यासारखे पांढरे डाग दिसले की वर कुणीतरी मुक्कामाला आहे. खाली काळपट गोळ्या पडल्या असतील तर ते घुबड. वडाखाली अर्धवट चावलेली फळं आणि चोथा दिसला तर वटवाघूळ. व्हरांड्यात दिव्याखाली पंखांचा खच असेल तर रात्रभर पालीची मेजवानी झालेली आहे.

एक गोष्ट ठामपणे: ताडोबा, ब्रह्मपुरी, पेंच, नवेगाव-नागझिरा, टिपेश्वर, मेळघाट यांच्या आसपासच्या गावांत मुलांची संध्याकाळची फेरी काढू नका, शिक्षक सोबत असले तरी. वाघ-बिबट्याच्या भागात तिन्हीसांज आणि पहाट या सगळ्यात धोक्याच्या वेळा. खाली वाकलेलं किंवा उकिडवं बसलेलं लहान मूल तर जास्तच धोक्यात. तिथे घरातल्या मोठ्यांसोबत अंगणातून ऐकणं एवढाच गृहपाठ द्या.

खरा खजिना म्हणजे जागल करणारी माणसं. तुरीच्या, हरभऱ्याच्या वावरात मचाणावर रात्र काढणाऱ्या पालकाला किंवा सालदाराला अर्धा तास वर्गात बोलवा. 'बोला' म्हटलं की गडी लाजतो, म्हणून मुलांकडून आधी पाच प्रश्न लिहून घ्या: कोणता प्राणी किती वाजता येतो, एकटा येतो की कळपाने, काय खातो, आवाज कसा, टॉर्च मारला की काय करतो. रानडुक्कर, रोही (नीलगाय), साळिंदर, कोल्हा यांची वेळापत्रकं त्याला घड्याळासकट पाठ असतात.

घुबडाला दिवसा दिसत नाही, हे खरं ना?

नाही. दिवसा त्याला चांगलं दिसतं. बाहुली बारीक करून ते आत जाणारा उजेड कमी करतं, एवढंच. दिवसा ते गप्प बसतं कारण बाहेर पडलं की कावळे, कोतवाल, मैना त्याच्यामागे लागतात.

उलट बाजूचाही एक गैरसमज आहे: घुबडाला मिट्ट काळोखातही दिसतं. उजेडच नसेल तर कुणालाही दिसत नाही. घुबडाला अगदी थोडा उजेड पुरतो, आणि गव्हाणी घुबड तर नुसत्या आवाजावरून पूर्ण अंधारात उंदीर पकडतं.

वर्गात दाखवायचं असेल तर मुलांना जोडीने बसवा. एकाने दोन्ही डोळ्यांवर ओंजळ धरून तीसपर्यंत मोजायचं आणि मग खिडकीकडे तोंड करून हात काढायचे. समोरच्याने बाहुली बघायची. मोठी असलेली बाहुली क्षणात आकसते. डोळ्यांत टॉर्च मारायला देऊ नका, मुलं ते करणारच म्हणून आधीच सांगा.

दुसरा प्रयोग रंगांचा. लाल, निळ्या, हिरव्या, काळ्या कागदाच्या चिठ्ठ्या प्रत्येकी पाच, साहित्याच्या खोलीत दार जवळजवळ लावून. पाच-सात मिनिटं थांबल्यावर मुलांनी चिठ्ठ्या वेगळ्या करायच्या. लाल आणि काळ्यात हमखास घोळ होतो, कारण मंद उजेडात आपल्या डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाही, फक्त फिकं-गडद कळतं. प्रयोग फसतो तो दोन कारणांनी: फटीतून जास्त उजेड येतो किंवा शिक्षक घाई करतात. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, पण पाच-सात मिनिटांतही फरक दिसतो.

मान पूर्ण गोल फिरते का?

पूर्ण नाही. एका बाजूला साधारण 270 अंशांपर्यंत, म्हणजे पाऊण वर्तुळ. घुबडाचे डोळे आपल्यासारखे गोळे नसून नळीच्या आकाराचे असतात आणि कवटीत पक्के बसलेले असतात. ते डोळे फिरवू शकत नाही, म्हणून मान फिरवतं. आपल्या मानेत सात मणके, त्याच्या मानेत चौदा.

जुन्या वहीच्या पुठ्ठ्याच्या दोन नळ्या करा, लांबी दहा-बारा सेंटिमीटर. मुलाने त्या डोळ्यांना लावायच्या आणि शेजारच्याच्या वहीत काय लिहिलंय ते बघायचं. मान वळवल्याशिवाय जमत नाही. नळ्या लावून चालू देऊ नका, पडतात.

कानांचा प्रयोग कसा घ्यायचा?

हा सगळ्यात रंगणारा खेळ, पण गोंगाट असेल तिथे साफ फसतो. पंखा बंद, खिचडीची भांडी घासून झालेली, दुसरा वर्ग शांत, अशी वेळ निवडा.

एका मुलाच्या डोळ्यांवर रुमाल बांधून मधोमध बसवा. आठ मुलं दीड-दोन मीटरवर गोल करून बसतील. शिक्षकाने बोट दाखवलं की त्या मुलाने एकदाच टाळी वाजवायची, मधल्याने दिशा दाखवायची. दहा टाळ्या, बरोबर किती ते फळ्यावर. मग एका कानात कापसाचा बोळा (आत खोल नाही, नुसता तोंडाशी) आणि त्यावर तळहात. पुन्हा दहा टाळ्या. आता मूल वारंवार उघड्या कानाच्या बाजूलाच बोट दाखवतं.

पुढची पायरी चौथीसाठी: नाकासमोर सरळ पुढे आणि डोक्यामागे सरळ मागे टाळी वाजवा. दोन्ही कान उघडे असले तरी इथे चुका होतात, कारण आवाज दोन्ही कानांपर्यंत एकाच वेळी पोचतो. गव्हाणी घुबडाचे कान समान उंचीवर नसतात, एक वर आणि एक खाली. त्यामुळे आवाज डावीकडून की उजवीकडून एवढंच नाही, तर वरून की खालून हेही त्याला नेमकं कळतं. त्याचा पसरट चेहरा आवाज गोळा करून कानांकडे वळवतो. डोक्यावरची 'शिंगं' म्हणजे कान नव्हेत, ती नुसती पिसं. खरे कान चेहऱ्याच्या कडेला पिसांखाली असतात. मुखवटे करताना नव्वद टक्के मुलं डोक्यावर मांजरासारखे कान काढतात, तेव्हा हे आधी सांगून ठेवा.

उडताना आवाज का येत नाही?

पंखाच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे दाते असतात, मागच्या कडेला मऊ झालर आणि वरून मखमल. हवा कापताना होणारा फडफडाट त्यात मुरतो. मोठ्या पुठ्ठ्याने जोरात वारा घाला, मग कडेला जुन्या सुती कापडाच्या तीन सेंटिमीटर झिरमिळ्या चिकटवून पुन्हा घाला. फरक थोडा असतो. वर्ग गप्प नसेल तर कळतही नाही.

घुबडाच्या गोळ्या (पेलेट) वर्गात आणाव्यात का?

आणाव्यात, पण सरळ नाही. घुबड उंदीर अख्खा गिळतं. हाडं आणि केस पचत नाहीत, त्यांची गोळी करून ते तोंडावाटे बाहेर टाकतं. ही विष्ठा नाही, हे मुलांना दोनदा सांगावं लागतं.

गव्हाणी घुबडाची गोळी चार-पाच सेंटिमीटर, ताजी असताना काळी आणि तकतकीत, वाळल्यावर राखाडी. पिंगळ्याची त्याहून लहान, ठिसूळ, किड्यांच्या चकाकत्या कवचांनी भरलेली. कुत्र्या-मांजराच्या विष्ठेला घाण वास असतो, वाळलेल्या गोळीला जवळजवळ नसतो.

गोळीत रोगजंतू असू शकतात, म्हणून निर्जंतुक केल्याशिवाय मुलांच्या हाती द्यायची नाही. हातमोजे किंवा पिशवी हातात घालून गोळा करा आणि कडक उन्हात वाळवा. ओव्हन असेल तर फॉइलमध्ये गुंडाळून 160 अंश सेल्सिअसला 40 मिनिटं. खेड्यात ओव्हन कुठला? तिथे फॉइलमध्ये गुंडाळून, झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवून जुन्या प्रेशर कुकरमध्ये, शिटी झाल्यावर मंद आचेवर 25 मिनिटं. हा कुकर फक्त याच कामाचा. पोषण आहाराच्या स्वयंपाकघरातला कुकर, तिथलं भांडं, तिथली चूल यातलं काहीही वापरायचं नाही.

मग गोळी कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवा आणि बशीत घेऊन दोन काड्यांनी हळूहळू सोडवा. चिमट्याने ओढलं की बारीक बरगड्या मोडतात. कवटी सापडली की दात बघा: पुढे दोन लांब, पिवळसर-नारिंगी पटाशीचे दात, मग मोकळी जागा आणि मागे दाढा, तर तो उंदीर. लांबट कवटी आणि दातांची सलग रांग असेल तर चिचुंद्री. टोकदार चोच असेल तर चिमणीसारखा पक्षी. हाडं वाळवून काळ्या पुठ्ठ्यावर फेविकॉलने चिकटवली की चौथीची मुलं दोन तासिका हलत नाहीत. पहिली-दुसरीला शिक्षकाने सोडवून दाखवायचं, मुलांनी हात मागे बांधून बघायचं. शेवटी साबणाने हात धुणं सगळ्यांना सक्तीचं, बघणाऱ्यांनाही.

गोळ्या मिळाल्याच नाहीत तर?

नकली करा. वर्तमानपत्राचे दोन कागद फाडून रात्रभर भिजवा, पिळून लगदा करा, त्यात दोन चमचे कणकेची खळ आणि मूठभर बारीक कातरलेला नारळाचा काथ्या घाला. जाड पांढऱ्या पुठ्ठ्यातून हाडं कापा: एक कवटी, दोन जबडे, चार पाय, सहा-आठ बरगड्या. ती मेण चोळून लगद्यात दडपा, अंगठ्याएवढी गोळी वळा आणि दोन दिवस उन्हात ठेवा. मेण चोळलं नाही तर पुठ्ठा लगद्यात विरघळतो. खळ जास्त झाली तर गोळी दगड होते आणि मुलं ती बाकावर आपटून फोडतात.

काही गोळ्यांत दोन कवट्या ठेवा. 'घुबडाने काल रात्री किती उंदीर खाल्ले?' हे गणित आपोआप सुरू होतं.

रात्रीच्या प्राण्यांची यादी कोणती द्यावी?

इंटरनेटवरच्या छापील कृतिपत्रिका बहुतेक परदेशी असतात: रॅकून, स्कंक, हिमघुबड. यवतमाळच्या मुलाला रॅकून रंगवायला देण्यात काय अर्थ आहे? त्याजागी साळिंदर, उदमांजर, तरस, कोल्हा, अस्वल, खवल्या मांजर, रातवा, वटवाघूळ, बेडूक, पाल, रातकिडा, काजवा, विंचू, पतंग, उंदीर घ्या.

या प्राण्यांच्या चिठ्ठ्या करा, त्यात दिवसाचेही मिसळा (मोर, खार, मुंगूस, कावळा, फुलपाखरू) आणि तीन टोपल्या ठेवा: दिवसा, रात्री, तिन्हीसांजेला-पहाटे. दोनच टोपल्या ठेवल्या तर ससा कुठे टाकायचा यावर भांडण होतं, आणि ते भांडण बरोबरच असतं. रोह्याची चिठ्ठी मुद्दाम घाला. माळावर तो भर दिवसा चरतो, पण पिकात शिरायचं तर रात्र गाठतो, कारण दिवसा माणसं असतात. प्राण्याची वेळ माणसामुळे बदलू शकते, हे मुलं या एका चिठ्ठीवरून शिकतात.

वटवाघळं आंधळी असतात का? ती घाण म्हणून वड तोडावा म्हणतात.

आंधळं कोणतंच वटवाघूळ नसतं. वडावर शेकड्याने लटकणारी मोठी वटवाघळं डोळे आणि नाक वापरून फळं शोधतात. जुन्या घरात, पुलाखाली राहणारी छोटी किडेखाऊ वटवाघळं आपल्याला ऐकू न येणारा आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट आणि किडा शोधतात. दोन्ही सस्तन. पिल्लाला दूध पाजतात.

पूर्व विदर्भात यासाठी मोहासारखा धडा नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं रात्री उमलतात आणि पहाटेपर्यंत टपटप गळतात. त्या रात्री वटवाघळं गोड फुलांवर येतात आणि एका झाडाचा पराग दुसऱ्या झाडावर नेतात. ज्या घरची माणसं पहाटे टोपली घेऊन मोहफुलं वेचायला जातात, त्या घरच्या मुलाला हे सांगितलं की वड तोडायच्या गोष्टीला घरातूनच उत्तर मिळतं. (अस्वलही त्याच मोहाखाली येतं, म्हणून वेचायला अंधारात एकटं जायचं नाही, हेही त्याच तासिकेत सांगा.) खाली पडलेलं वटवाघूळ हाताने उचलायचं नाही, त्याने चावलेलं फळ खायचं नाही.

राखेवरचे ठसे कसे घ्यायचे?

कुंपणाच्या फटीजवळ किंवा हातपंपाच्या सांडपाण्याजवळ एक मीटर लांब-रुंद जागा झाडून घ्या. चाळलेली माती आणि चुलीची राख समप्रमाणात, बोटाच्या एका पेराएवढा थर. वरून पाण्याचा हलका शिपका आणि फळीने सपाट. संध्याकाळी करा, सकाळी झाडलोट होण्याआधी बघा. झाडणाऱ्या ताईंना आदल्या दिवशी सांगितलं नाही तर सगळं मुसळ केरात.

पहिल्या दिवशी कुत्रा आणि मांजर एवढंच मिळेल. तेही शिकवण्यासारखं आहे: कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात, मांजर नखं आत ओढून चालते म्हणून तिची उमटत नाहीत. चौथ्या-पाचव्या दिवशी उंदीर, बेडूक, नशिबाने उदमांजर. चांगला ठसा मिळाला तर भोवती पुठ्ठ्याचं पाच सेंटिमीटर उंच कडं लावून प्लास्टर ऑफ पॅरिस ओता: दोन वाट्या पावडर, एक वाटी पाणी. अर्ध्या तासाने उचला. पाणी जास्त झालं तर साचा ठिसूळ होतो. उरलेलं प्लास्टर नळाखाली धुऊ नका, मोरी तुंबते.

अंधारात प्राण्यांचे डोळे का चमकतात?

गाय, बैल, कुत्रा, मांजर यांच्या डोळ्यात मागच्या बाजूला चकचकीत थर असतो. उजेड त्यावर आपटून परत फिरतो, त्यामुळे डोळ्याला तोच उजेड दोनदा वापरता येतो. मुलाने रात्री मोठ्यांसोबत कोठ्याच्या दारात उभं राहून, टॉर्च स्वतःच्या कपाळापाशी धरून, दुरून बैलाकडे बघायचं. टॉर्च कमरेशी धरला तर चमक दिसत नाही. माणसाच्या डोळ्यात हा थर नाही.

'घुबड ओरडलं की घरात कुणी जातं' असं आजी सांगते. वर्गात काय सांगायचं?

आजीला खोटं पाडू नका, मूल घरी जाऊन तसंच सांगेल आणि तुमचं पुढचं सगळं बंद होईल. विचार करायला द्या. ज्या घरात कुणी फार आजारी असतं, तिथे रात्रभर दिवा जळतो. दिव्यावर किडे येतात, किड्यांवर पिंगळा येतो. बाकी घरं झोपलेली, हे घर जागं, म्हणून आवाज इथेच ऐकू येतो. मग विचारा: आपण झोपलेलो असताना किती वेळा ओरडला असेल?

आणखी एक समजूत आहे, की घुबडाला मारलेला दगड ते उचलून नेऊन झिजवतं आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजतो. ही मोडून काढायची घाई करू नये असं आमचं मत. दुसरं कारण पटेपर्यंत ती घुबडाला वाचवते. ते दुसरं कारण शेतकऱ्याच्या घरात सोपं आहे: गोदामातला आणि धुऱ्यातला उंदीर खाणारा, फुकट काम करणारा गडी. लक्ष्मीचं वाहन घुबड आहे, हेही सांगता येतं. पण दिवाळीच्या सुमारास याच श्रद्धेपोटी घुबडांचे बळी दिले जातात, हे चौथीच्या मुलांना कळायला हरकत नाही. घुबड पकडणं, पाळणं, विकणं, मारणं हा वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 नुसार गुन्हा आहे.

पालकांशी बोलताना उंदीरनाशकाचा विषय काढा. ब्रोमॅडिओलोनसारखं विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो सुस्त होऊन उघड्यावर फिरतो, नेमका तोच घुबडाला सापडतो आणि विष पुढे जातं.

साप-विंचू या धड्यात घ्यावेत का?

घ्यावेतच. मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. चावल्याची जागा फारशी दुखत नाही, सुजत नाही. पहाटे पोटात दुखणं, पापण्या जड होणं, गिळता न येणं ही लक्षणं दिसली तर सरळ सरकारी दवाखाना, वाटेत मांत्रिक नाही. मुलांसाठी तीन सवयी: खाटेवर झोपणं आणि मच्छरदाणी गादीखाली खोचणं, रात्री टॉर्चशिवाय अंगणात न उतरणं, सकाळी चप्पल झटकून घालणं.

पावसाळ्यात दिव्याखालचे किडे बघत असाल तर मुंगीसारखा लांबट, केशरी-काळा किडा अंगावर बसला तर चिरडायचा नाही, फुंकर मारून उडवायचा. चिरडला की कातडीला भाजल्यासारखे फोड येतात.

घुबडाचं पिल्लू खाली पडलेलं सापडलं तर?

दूध, भात, पाणी काहीही तोंडात घालू नका, यानेच जास्त पिल्लं मरतात. मुलांना लांब करा. मोठ्या माणसाने जाड दुपट्टा टाकून पाठीकडून धरायचं, नखं जोरात लागतात. जखम नसेल तर ढोलीत किंवा त्याच झाडाच्या उंच फांदीवर ठेवा. आई-बाप रात्री येऊन भरवतात, माणसाने हात लावला म्हणून टाकून देत नाहीत. जखमी असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात, खाली कापड, अंधारात, शांत जागी ठेवून वनरक्षकाला किंवा वनविभागाच्या 1926 या निःशुल्क क्रमांकावर कळवा. फोटो काढायला खोकं उघडत बसू नका.

शाळेच्या छतातच गव्हाणी घुबडं आहेत. दुरुस्ती निघाली आहे.

आत फिसकारणं ऐकू येत असेल तर पिल्लं आहेत असं समजा. ती उडायला साधारण दोन महिने लागतात. तेवढी दुरुस्ती पुढे ढकला किंवा इमारतीच्या दुसऱ्या टोकापासून सुरू करा. खाली पत्र्याचा तुकडा टाकला की घाण एका जागी पडते, आणि पेलेटचा पुरवठाही होतो.

मोबाइलवर घुबडाचा आवाज वाजवावा का?

वर्गात, दार लावून, हळू आवाजात चालेल. झाडाखाली उभं राहून वाजवू नका. पिंगळ्याला वाटतं परका शिरला, तो पिल्लं सोडून भांडायला येतो. आवाज ओळखायला मर्लिन हे फुकट ॲप कामाचं आहे, पण त्यातला भारतातल्या पक्ष्यांचा संच तालुक्याला गेल्यावर चांगल्या नेटवर्कमध्ये आधीच उतरवून घ्या.

सापडलेलं घुबडाचं पीस वर्गात लावता येईल का?

नाही. जागेवर बघा, फोटो घ्या, तिथेच ठेवा. संरक्षित पक्ष्याचं पीस जवळ बाळगणंही कायद्यात बसत नाही. मोराच्या आपोआप गळालेल्या पिसाला वेगळी सूट आहे, ती घुबडाला लागू नाही. तुलनेसाठी कोंबडीचं पीस घ्या, धुऊन वाळवून.